पडवळाला बांधलेल्या चाव्या

आमच्या परसात वसंत आला हे मला कोकिळा सांगत नाही, विहीर सांगते. शिमगा उलटला की पाणी खाली जातं आणि मोटरीचा आवाज घसा बसल्यासारखा होतो. तो आवाज ऐकला की मी फुलांचा विचार बाजूला ठेवते आणि सोडणं गोळा करायला लागते. सोडणं म्हणजे नारळाची सालं. ती उलटी करून झाडाच्या आळ्यात दाबली की पाणी धरून ठेवतात, आणि आमच्या या रेताड जमिनीत पाणी धरून ठेवणाऱ्या कुणाचेही पाय धरावेत.

बागेबद्दल लिहिणारी माणसं बहुधा गुलाबापासून सुरुवात करतात. माझ्याकडे गुलाब नाही. एक होता, तो खाऱ्या वाऱ्याने गेला. माझ्याकडे वांगी आहेत, मिरच्या आहेत, लाल माठ आहे, मोगऱ्याची दोन झुडपं आहेत आणि दगडी गडग्याच्या कडेला पडवळाचा मांडव आहे. एका माणसाला एवढं पुष्कळ झालं. खरं तर जास्तच होतं.

मी शाळेत शिकवायचे. नोकरीची बरीच वर्षं तळा गावात गेली, भाड्याच्या खोलीत, जिथे माझी बाग तेलाच्या डब्यातल्या पुदिन्यापुढे कधी गेली नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसं आता एकेक करून संपली, तेवढा एक त्रास वयाने कमी केला. निवृत्त झाल्यावर मी बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या आमच्या गावात, वडिलांच्या घरी राहायला आले. वडिलांनी हयातीतच घराचे दोन भाग केले होते, एक भावाला, एक मला. मागच्या परसात मधोमध दगडांचा कमरेएवढा गडगा घातलेला, आणि विहीर मात्र एकच, बरोबर गडग्याच्या मध्ये. मोटरही एकच. म्हणून पाण्याला पाळी: सकाळी आठपर्यंत माझी, आठनंतर त्यांची.

मी आले आणि दोन वर्षांतच भाऊ गेला. त्याचा मुलगा नोकरीला नवी मुंबईत. मग गडग्याच्या पलीकडे वहिनी एकटी आणि अलीकडे मी एकटी. कुणालाही वाटेल, बरं झालं, एकमेकींना सोबत झाली. तर तसं काही झालं नाही. आमचा अबोला होता.

तो झाला मोटरीवरून. भाऊ गेल्यानंतरच्या चैत्रात मोटर बिघडली. दुरुस्त करणारा श्रीवर्धनहून यायचा होता आणि तो उद्या-परवा करत होता. हाताने ओढलेलं पाणी किती पुरणार? माझी वांगी माना टाकायला लागली होती आणि वहिनीला तिच्या सुपारीच्या रोपांची काळजी. पहिली कळशी कुणाची, यावरून बोलाबोली झाली. वहिनी उन्हाने लाल झाली होती. ती म्हणाली, "वन्सं, तुमचं काय हो! एकट्या जिवाला चार वांगी कमी झाली तर काय बिघडतं?"

ती रागाच्या भरात बोलली, मला कळत होतं. पण आयुष्यभर जे शब्द मी पाठीमागे ऐकत आले ते पहिल्यांदाच तोंडावर आले, आणि तेही आमच्याच परसात. त्या घडीला ती स्वतःही एकटा जीवच होती, हे तिच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. मी कळशी खाली ठेवली आणि घरात आले. दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त झाली, अबोला तसाच राहिला.

अबोल्याचे काही नियम असतात, ते कुणी शिकवावे लागत नाहीत. आठच्या ठोक्याला मी मोटर बंद करायची, ती येऊन चालू करायची. मी विहिरीवर असेन तर ती तिच्या बाजूच्या कढीलिंबाशी रेंगाळायची. सणाला तिच्याकडून काही यायचं नाही, माझ्याकडून काही जायचं नाही, पण तिने गुढी उभारली की नाही हे मी बघणार आणि माझ्या दारात रांगोळी आहे की नाही हे ती बघणार. तिचा खोकला मला ओळखू यायचा, कोरडा की कफाचा. तिचा मिक्सर किती वेळ चालतो त्यावरून आज चटणी की वाटण तेही कळायचं. संध्याकाळी तिच्या मालिकेचं गाणं लागलं की मी दिवा लावायला उठायची. पलीकडे एक माणूस आहे आणि आपण तिच्याशी बोलत नाही, हे रोज उठून करण्यासारखं एक काम होतं. मला दुसरं फारसं काम नव्हतं.

मिरच्यांशी मात्र मी बोलायची. मिरचीला माघातच बोकड्या येतो, पानं आक्रसून बोकडाच्या कानासारखी होतात. त्यावर मी आंबट ताक पाण्यात घालून शिंपडते आणि वर चार शब्द सुनावते. वांग्याला मावा आला तर चुलीची राख, सकाळी पानांवर दहिवर असतानाच, म्हणजे पानाला चिकटते. अळवाला मासळी धुतलेलं पाणी. ते वांग्याला घातलं तर मांजरी येऊन आळं उकरतात, हा माझा अनुभव. माकडांसाठी कडेने जुनी लुगडी बांधायची. माकडं त्यांना घाबरत नाहीत, पण आपण काहीतरी केलं असं आपल्याला वाटतं.

आणि आनंदाचं म्हणाल तर तो फार लहान असतो. वांग्याचं पहिलं जांभळं फूल पानाखाली खाली मान घालून बसलेलं असतं. ते दिसलं की मला दिवसभर बरं वाटतं. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून ताण दिलेला असतो, छाटणी करून त्याला पुन्हा पाणी सोडलं की पंधरवड्यात फुटवा येतो आणि चैत्रात कळ्या. पहिल्या कळ्या ओंजळीत घेऊन मी घरात येते आणि पाण्याच्या वाटीत टाकते. मग वाटतं, हे बघायला कुणीतरी बोलवावं. वाटी टेबलावर ठेवते आणि चहा करते.

तर पडवळ. यंदा मी ते माघात लावलं. बी चिवट असतं, रात्रभर भिजवावं लागतं. गडग्याच्या कडेला आळं केलं, शेण आणि राख घातली, त्यात तीन बिया टोचल्या. त्यांतली एकच रुजली, पण ती एकटीच तिघींचं काम करायला निघाली. मागे एका वादळात आमचा मोठा आंबा पडला, तेव्हापासून त्या कोपऱ्यात ऊन भरपूर. वेल माझ्या मांडवावर चढली, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ गडगा ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे भावाने दोडक्यासाठी केलेला लोखंडी मांडव रिकामाच होता. मी वेल दोनदा ओढून इकडे वळवली. दोन्ही वेळा चार दिवसांत ती पुन्हा तिकडे. मी तिला म्हटलं, "जा. तुलाही तिकडेच बरं वाटत असेल तर जा."

त्याच सुमारास बातमी आली. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी दोन्ही दारांत बसते, आधी माझ्या, मग वहिनीच्या. तिच्या टोपलीत मासळीइतक्याच बातम्या असतात आणि त्याही ताज्या. बोंबील निवडता निवडता ती म्हणाली, "बाय, तुला ठावं न्हाय व्हय? तुजी वयनी चालली पोराकडं. अखितीज झाली का जानार. आता कायमचीच."

"कायमची?" मी विचारलं.

"व्हय. घराला कुलूप. पोरगा म्हनतो, गुडघे धरल्यान, तिथं एकटी कशी र्‍हाशील. कोन हाय तुला तिथं?"

मी बोंबील घेतले आणि आत आले. कोण आहे तुला तिथं. गडग्यापलीकडे चार हातांवर मी होते. पण माझ्या भाच्याने मला जमेस धरलं नव्हतं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. जी बोलत नाही ती रात्री छातीत दुखलं तर धावून येईल असं कोण धरेल? मी आले असते. मी नक्की आले असते. पण हे त्याला कुणी सांगायचं?

त्या दिवसापासून मी चिडचिडी झाले. माठ उपटताना मुळासकट चांगली रोपंही उपटली. मला वाटायचं, जाऊ दे. पाण्याची पाळी नको, काही नको, सगळी विहीर माझी. आणि लगेच आठवायचं: संध्याकाळी तिकडून मालिकेचं गाणं येणार नाही, मग मी दिवा कशावरून लावणार?

चैत्र लागला आणि पडवळाला फळं धरली. पडवळाची पांढरी झालरीची फुलं तिन्हीसांजेला उमलतात. सगळी परसं अंधारात जात असताना तेवढीच दिसत राहतात. करंगळीएवढं फळ लोंबायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने खडा बांधायचा. नाहीतर पडवळ वाकडंतिकडं होतं, गुंडाळतं, चिरायला त्रास आणि आत कीड. माझ्या बाजूच्या फळांना मी समुद्राच्या पुळणीवरून आणलेले खडे बांधले. पण बरीचशी फळं पलीकडे, भावाच्या मांडवाखाली लोंबत होती. तिथे माझा हात पोचत नव्हता आणि तिकडे जायचं म्हणजे तिच्या दारातून. रोज सकाळी पाणी घालताना मी त्यांच्याकडे बघायची. आज वाकडं होईल, उद्या गुंडाळी होईल.

एका सकाळी बघते तर पलीकडची पडवळं ओळंब्यासारखी सरळ. टोकाला काहीतरी लटकत होतं. मी चष्मा पुसून गडग्यावरून वाकले. चाव्या होत्या. जुन्या कपाटांच्या, पेट्यांच्या, ट्रंकांच्या, गंजलेल्या, लांबट, आखूड, प्रत्येक पडवळाला एकेक.

मला पहिल्यांदा राग आला. म्हटलं, मला दाखवते आहे! घर आवरायला घेतलंय, ट्रंका रिकाम्या झाल्या, आता चाव्यांचं काम नाही, बघा वन्सं, मी निघाले. खडे काय कमी आहेत का कोकणात? तिचं तोंड बघायला नको म्हणून रागारागाने मी त्या दिवशी मोटर आठच्या आधीच बंद केली.

दुसऱ्या दिवशी एक कोवळं फळ तुटून खाली पडलेलं दिसलं. त्याला एक मोठी लोखंडी चावी बांधलेली होती, वीतभर लांब. ती चावी मी ओळखली. वहिनीचं माहेर न्हावा शेव्याकडचं. बंदर आलं तेव्हा तिचं माहेरचं घर, परस, सगळं गेलं. लग्न होऊन आली त्यानंतर काही वर्षांनी तिने ती चावी मला दाखवली होती. मी सुट्टीला आले होते, आम्ही दोघी ओट्यावर वाल सोलत होतो. ती म्हणाली होती, "वन्सं, आमच्या परसात आता कंटेनर ठेवतात हो. एवढाले, घराएवढे. चावी तेवढी राहिली माझ्याकडे." आणि हसली होती, कारण तिच्या सासूबाई, म्हणजे आमची आई, तेव्हा घरात होती आणि तिच्यादेखत रडायची सोय नव्हती.

ती चावी मातीत पडलेली बघून मला राहवेना. वहिनी कढीलिंबाजवळ पाठमोरी उभी होती. अबोला मोडायचा नाही आणि बोलायचं तर आहे. मी वेलीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "कोवळ्या फळाला एवढं जड बांधत नाहीत गं बाई! मान मोडते. आधी लहान बांधावं, मग वाढेल तसं वजन वाढवावं."

पलीकडे बादलीचा आवाज थांबला. मग वहिनी कढीलिंबाला म्हणाली, "ऐकलंस का रे? शाळा सुटली तरी बाईंचं शिकवणं काही सुटलं नाही."

मी हसले. तिला दिसू नये म्हणून वाकून आळ्यातलं तण काढायला लागले, जे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी तिथल्या नव्या फळाला कुंकवाच्या पेटीची इवलीशी चावी होती.

मग आमचं बोलणं सुरू झालं, म्हणजे माझं वेलीशी आणि तिचं कढीलिंबाशी. मी वेलीला सांगायची की आज फळ काढायला झालं, उद्यापर्यंत राठ होईल. थोड्या वेळाने तिकडची काढलेली पडवळं गडग्यावर आलेली असायची. तिच्या बाजूला लोंबतात ती तिची, असा कुठल्याही गावातला नियम, पण तिने सगळी इकडे ठेवली. मी त्यातली अर्धी घेतली आणि अर्धी गडग्यावरच राहू दिली. ती उचलली गेली. तिसऱ्या दिवशी त्या जागी झाकलेली वाटी, पडवळाची भाजी, चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घातलेली. वहिनीच्या हातची भाजी मी किती दिवसांनी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं. मी वेलीला तसं सांगितलं. कढीलिंबाला उत्तर मिळालं की, "काही माणसांना सगळंच अळणी आवडतं."

वाटी मी घासून पुसून, आत मोगऱ्याच्या कळ्या घालून परत ठेवली. आठनंतर ती विहिरीवर आली तेव्हा तिच्या केसांत त्या दिसल्या. भाऊ गेल्यापासून तिने फूल माळलं नव्हतं.

असा तो चैत्र गेला. इतकी वर्षं मी बागेत हात काळे करते आहे, पण परसात जायची घाई मला यंदाच होती. उजाडायच्या आत मी मागचं दार उघडायची. आणि तरी एक गोष्ट मला बोलता येईना. एकदा ती कढीलिंबाला म्हणाली, "तिकडे बाल्कनीला जाळी बसवली आहे, कबुतरांसाठी. कबुतर आत येत नाही आणि माणसाला धड बाहेर दिसत नाही. तिथे काय तुळस जगणार?" ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती. हातातली बादली तिने खाली ठेवली नव्हती. माझ्या तोंडात एकच वाक्य होतं: वहिनी, जाऊ नको. पण ते वेलीला सांगून चालण्यासारखं नव्हतं. वेलीला कुठे जायचं होतं? ते तिच्याकडे बघून, तिला हाक मारून म्हणायला हवं होतं. मी सारखी वाट बघत होते की आधी ती "वन्सं" म्हणेल. लागलेलं मला होतं, तर हाक तिने मारायची, असा माझा हिशेब. मी वेलीला म्हटलं, "तुळशीला ऊन लागतं." वहिनीने बादली उचलली आणि ती सुपारीकडे गेली.

पलीकडच्या मांडवाला मधोमध एक पडवळ मी बियाण्याला राखलं होतं. म्हणजे मी वेलीला सांगितलं आणि पलीकडे त्याला लाल चिंधी बांधली गेली. राखणीच्या फळाला चिंधी बांधली की ते कुणी काढत नाही, वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचं. पिकलं की ते शेंदरी होतं आणि खालून उकलतं. त्याची वाढ पुरी झाल्यावर वहिनीने त्याची चावी सोडून घेतली होती. वाढ संपलेल्या फळाला वजन बांधायचं काही कारण नसतं.

अक्षय्य तृतीया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुढच्या दारी गाडी आली. भाच्याचा आवाज ऐकू आला, सामान हलवल्याचे आवाज आले. मी परसातच होते. पुढे जावं, दारात उभं राहावं, एवढं साधं काम होतं. मी वांग्यांना पाणी घालत राहिले, आळी भरून वाहायला लागली तरी.

आठ वाजले, मी मोटर बंद केली. वहिनी मागच्या दारातून आली, नवं लुगडं नेसलेली, पायात बाहेरच्या चपला. विहिरीपाशी आली. मला वाटलं, आता. ती गडग्याला हात टेकून उभी राहिली आणि वेलीला म्हणाली, "येते हं. पाणी बेताने पी. आणि तब्येतीला जप."

मी वेलीकडे बघत होते. वेलीने काहीतरी म्हणायला हवं होतं. मी एक पिवळं पान खुडलं आणि "ये" एवढंही म्हटलं नाही. भाच्याने पुढून हाक मारली. दार लागल्याचा, कडी घातल्याचा, कुलपाचा, गाडीचा, असे सगळे आवाज ओळीने आले आणि मग काहीच आलं नाही.

दिवसभर मी घरात बसून राहिले. जेवणही केलं नाही. तिन्हीसांजेला मालिकेचं गाणं लागायची वेळ झाली, गाणं लागलं नाही, मला दिवा लावायचं सुचलं नाही. शेवटी उठून परसात गेले. पडवळाची पांढरी फुलं उमलत होती. पलीकडे, राखलेल्या पडवळाच्या टोकाला, चिंधीच्या खाली, सुतळीने काहीतरी बांधलेलं होतं.

मी पदर खोचला आणि या वयात गडगा ओलांडला. गुडघा खरचटला. मांडवाखाली जाऊन हातात धरून बघितलं. नवी चावी होती, पितळेची, अजून पिवळीधमक. सकाळी ज्या कुलपाचा आवाज मी ऐकला त्या कुलपाची.

भाच्याकडे दुसरी असणार, ते मला माहीत आहे. पण ही तिने मला दिली होती, मी मागितली नसताना, मी एक शब्द बोलले नसताना. घराची, तुळशीची, सुपारीची, कढीलिंबाची. कोण आहे तुला तिथं, या प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं आणि मला ते द्यायला जमलं नव्हतं. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. मोठ्याने रडले, ऐकायला कोणी नव्हतं.

घरात येऊन भाच्याला फोन लावला. त्याने "आत्या?" असं इतक्या आश्चर्याने म्हटलं की माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, तुझ्या आईला दे. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खुडबुड झाली.

"वहिनी," मी म्हटलं.

मागे टीव्ही चालू होता, तेच गाणं. मग वहिनीने नाक ओढलं. ती सर्दी नव्हती, मला कळत होतं.

"किती उशीर केलात हो, वन्सं," ती म्हणाली.

आता विहिरीला पाळी नाही. सगळं पाणी माझंच आहे. पडवळ पिकून उकललं, त्याच्या बिया राखेत घालून बरणीत ठेवल्या आहेत, अर्ध्या तिच्या. वहिनी रोज संध्याकाळी फोन करते आणि कढीलिंब कसा आहे विचारते. जाळीतून एवढंसं आकाश दिसतं म्हणते. ये म्हटलं की पावसाळा होऊ दे, गुडघे बरे होऊ देत, असं काहीतरी सांगते. भाचा बोलावतो तशी मीही एकदा जाऊन येईन. पण रोज सकाळी आठ वाजले की माझा हात आपोआप मोटरीच्या बटणाकडे जातो आणि मी ती बंद करते, तिची पाळी म्हणून. थोडा वेळ कढीलिंबाकडे बघत उभी राहते. मग आठवतं, आणि मोटर पुन्हा चालू करून, कमरेची चावी काढून मी पलीकडे पाणी घालायला जाते.